घरची गटारलाईन बदलताना किती खर्च धरावा?



आमचे काम उसाचे. लागण, खोडवा, बेणे, खते, पाणी आणि तोडणीचा प्रोग्राम याविषयी आम्ही या अंकातून नेहमी लिहितो. परंतु मागील महिन्यात एका गटाच्या मेळाव्यात खोडव्यातील पाचट कुजविण्याविषयी बोलून झाल्यावर आम्ही "काही शंका असल्यास विचारा" असे म्हणालो, तेव्हा मागल्या रांगेतले एक वयस्कर सभासद उठले आणि म्हणाले, "सायेब, पाचटाचं कळलं. पर माझ्या घरची संडासची लाईन बदलायची हाय. एक मिस्त्री पंधरा हजार म्हणतोय, दुसरा साठ हजार. खरं कुणाचं धरायचं?"

सभा हसली. पण हसू ओसरल्यावर आणखी चार-पाच जणांनी हात वर केले. कुणाची लाईन दर महिन्याला तुंबत होती, कुणाच्या परड्यात जमीन खचली होती, तर कुणाच्या बोअरच्या पाण्याला वास येत होता. तेव्हा आमच्या लक्षात आले की हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमच्या भागात उसाच्या पैशावर १९७०-८० च्या दशकांत पुष्कळ घरे उभी राहिली. त्या घरांच्या जमिनीखालच्या लाईनी आता चाळीस-पन्नास वर्षांच्या झाल्या आहेत. भिंतीला रंग दिलेला दिसतो, दारातला ट्रॅक्टर दिसतो. जमिनीखाली काय झाले आहे ते तुंबल्याशिवाय कळत नाही.

त्या सभासदांना आम्ही तेव्हाच उत्तर दिले नाही, कारण लाईन पाहिल्याशिवाय आकडा सांगणे म्हणजे शेत न पाहता उसाचे टन सांगण्यासारखे आहे. शिवाय या कामात आम्ही स्वतः एकदा फसलो आहोत. तो सर्व हिशेब आज सभासदांपुढे मांडत आहोत.

जुनी लाईन का बिघडते?

त्या काळी बहुतेक ठिकाणी तपकिरी झिलईचे चिनीमातीचे पाईप घातले गेले. हा माल वाईट नव्हता. तो गंजत नाही, सडत नाही. त्याचे दुखणे सांध्यात आहे. एक पाईप साधारण दोन फूट लांबीचा. म्हणजे साठ फूट लाईनीला तीस तुकडे आणि तितकेच सांधे. हे सांधे सिमेंटने भरलेले असतात. आमची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्या या हालचालीने सिमेंटचे सांधे तडकतात. तडकलेल्या सांध्यातून ओल बाहेर आली की झाडाची मुळे तिच्या वासावर येतात. उंबर, पिंपळ, नारळ यांची केसासारखी मुळी आत शिरते आणि वर्ष-दोन वर्षांत तिचा झाडूसारखा झुपका होतो. मग त्यात कागद, केस, चिंध्या अडकतात आणि लाईन तुंबते.

दुसरे कारण म्हणजे वजन. घर बांधले तेव्हा अंगणात बैलगाडी येत होती. आता भरलेली ट्रॉली येते. दीड-दोन फूट खोलीवरचा पाईप तिच्या चाकाखाली फुटला तर नवल नाही.

साफ करायची की बदलायची?

प्रत्येक तुंबलेली लाईन बदलावी लागत नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. नाहीतर शे-दोनशे रुपयांच्या दुखण्याला पन्नास हजारांचे ऑपरेशन होते.

फक्त नहाणी तुंबली आणि संडास व्यवस्थित चालू असेल, तर दोष नहाणीच्या ट्रॅपमध्ये किंवा तेवढ्या फाट्यात असतो. तो साफ करावा. संडास, नहाणी सर्व एकाच वेळी तुंबत असेल, तर दोष मुख्य लाईनीत किंवा टाकीत आहे. टाकीचे झाकण काढून लांबूनच पाहावे. टाकी तोंडापर्यंत भरलेली असेल तर गाडी बोलावून ती उपसून घ्यावी. लाईन चांगली असू शकते. टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसायची असते, हेच पुष्कळांना ठाऊक नसते.

सळई किंवा बांबूच्या कामट्या घालून साफ केल्यावर लाईन वर्षभर चालली, तर बदलण्याची घाई करू नये. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तुंबली, सळई दरवेळी एकाच अंतरावर अडू लागली आणि तिच्याबरोबर माती किंवा मुळ्या बाहेर आल्या, तर तेथे पाईप फुटला आहे असे समजावे. सळई किती फूट गेली ते मोजून ठेवावे. तेवढ्याच जागी खोदून एक-दोन तुकडे बदलले की काम भागते. परंतु लाईनीवरची जमीन दोन-तीन ठिकाणी खचली असेल, उन्हाळ्यात एकाच पट्ट्यातले गवत हिरवेगार राहत असेल, घुशींची बिळे पडली असतील, तर सबंध लाईन बदलण्याची वेळ आली आहे. तेथे एकेक तुकडा बदलत बसणे म्हणजे फाटक्या गोणपाटाला रोज नवे ठिगळ.

मोठ्या शहरांत हल्ली पाईपमध्ये कॅमेरा घालून दोष पाहतात आणि न खोदता जुन्या पाईपच्या आत नवे अस्तरही बसवतात. आमच्या खेड्यात ही सोय हाताशी नाही आणि साठ-सत्तर फूट लाईनीला तिची गरजही नाही. येथे कुदळ, फावडे आणि पाण्याची नळी पुरते.

आम्ही कसे फसलो

आमच्या घरची लाईन साठ फुटांची. मागील दारच्या संडास-नहाणीपासून अंगण ओलांडून बाजूच्या टाकीपर्यंत. २०१९ साली ती वारंवार तुंबू लागली. ओळखीच्या एका मिस्त्रीने सांगितले, "साहेब, १४० रुपये रनिंग फूट, ठोक. दोन दिवसांत मोकळं करतो." साठ फुटांचे ८,४०० रुपये. वर कोबा बुजवायचे ३,०००. एकूण ११,४००. आम्हाला आनंद झाला. त्यातून आमच्याच शेतातल्या पाईपलाईनीचे उरलेले चार इंची पाईप होते, ते वापरून आणखी बचत केली. शेतकऱ्याला पाणी नेण्याचे काय शिकवायचे, अशीही एक घमेंड होती.

चूक येथेच झाली. मिस्त्रीने काम घराच्या बाजूने सुरू केले आणि टाकीकडे खोदत गेला. टाकीजवळ आल्यावर पाहतो तो पाईप टाकीच्या तोंडापेक्षा खाली आलेला. मग त्याने शेवटचे बारा-पंधरा फूट वर उचलून टाकीत नेले. वरून माती ओढली, कोबा केला, दिसायला काम झकास. सरीत उलटा चढ राहिला तर पाणी साठते हे आम्ही वीस वर्षे सभासदांना सांगत आलो, आणि आमच्याच अंगणाखाली तो चढ ठेवून पैसे मोजले! चेंबर एकही नव्हते. पाईपखाली वाळू नव्हती. शेतातला कमी दाबाचा पातळ पाईप ट्रॉलीच्या चाकाखाली चेपला.

पुढच्या दोन वर्षांत तीनदा सफाई केली, दरवेळी १,५०० रुपये. २०२२ च्या पावसाळ्यात बोअरच्या पाण्याला वास आला. बोअर लाईनीपासून चाळीस फुटांवर. आम्ही "पावसाचं पाणी आहे, होतं असं" म्हणून दुर्लक्ष केले. ऑगस्टमध्ये आमच्या आईला कावीळ झाली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा. नमुना सरकारी प्रयोगशाळेत दिला. पिण्यास अयोग्य असा दाखला आला. आई दीड महिन्याने बरी झाली, पण त्या वयात अंगातली ताकद गेली ती पूर्वीसारखी आली नाही. दवाखान्याचे २८,००० रुपये झाले.

सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले की काय होते, हे आमच्या भागाला नवे नाही. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, तेव्हा हजारो माणसे आजारी पडली आणि काही दगावली. ते शहराच्या नळाचे पाणी होते. आपल्या घरी स्वतःचा बोअर, स्वतःची टाकी आणि स्वतःचीच लाईन. तेथे राखणदार आपणच.

खरा खर्च कशाचा?

२०२३ च्या मे महिन्यात गळीत हंगाम उरकल्यावर आम्ही ती लाईन पुन्हा उकरली आणि नव्याने घातली. या वेळी प्रत्येक बाब कागदावर लिहिली. तो हिशेब असा :

१) अंगणातील ३५ फूट कोबा फोडणे व राडारोडा उचलणे : ४,५०० रु.
२) खोदाई : ६० फूट लांब, दीड फूट रुंद, सरासरी पावणेतीन फूट खोल, म्हणजे सुमारे अडीच ब्रास. बिगारी ६ रोज, ६०० रु. प्रमाणे : ३,६०० रु.
३) जाड पाईप ११० मि.मी., दहा फुटी ७ नग, ९०० रु. प्रमाणे : ६,३०० रु.
४) बेंड, वाय, ट्रॅप, रबर रिंगा, सोल्युशन : २,४०० रु.
५) पाईपखाली व भोवती क्रश सँड १ ब्रास : ४,००० रु.
६) विटांची चेंबरे ३, झाकणासह, ४,२०० रु. प्रमाणे : १२,६०० रु.
७) गवंडी ३ रोज व हाताखाली बिगारी ३ रोज : ४,८०० रु.
८) ट्रॉली जाते तेथे १२ फूट पाईपभोवती काँक्रीट : २,८०० रु.
९) माती भरणे व नवा कोबा : ६,१०० रु.
१०) टाकी गाडीने उपसणे, २ खेपा : ५,००० रु.

एकूण ५२,१०० रु. म्हणजे फुटाला सुमारे ८७० रुपये.

आता सभासदांनी यातली एक गोष्ट पाहावी. पाईप आणि त्याचे सामान मिळून ८,७०० रुपये, म्हणजे एकूण खर्चाचा जेमतेम सहावा हिस्सा. बाकीचा पैसा फोडणे, खोदणे, चेंबर, वाळू आणि पुन्हा बुजवणे यात जातो. म्हणून पाईपमध्ये हजार-दीड हजार वाचवण्यात काही अर्थ नाही. हलका पाईप घातला तरी खोदाई तीच, कोबा तोच. आणि पाईप फुटला तर तो सगळा खर्च पुन्हा पहिल्यापासून.

हीच लाईन तीस फुटांची आणि मोकळ्या परड्यातून असती, दोन चेंबरे पुरली असती आणि टाकी उपसायची नसती, तर याच दराने वीस-बावीस हजारांत भागले असते. उलट मधे खडक लागला, घराखालून जावे लागले, किंवा अंगणात भारी फरशी असली, तर आकडा लाखाकडे जातो. लाईन रस्त्यातून न्यायची असेल तर ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची परवानगी घ्यावी लागते, आणि रस्ता पूर्ववत करण्याचे पैसे वेगळे. आम्ही दिलेले दर २०२३ चे व आमच्या गावचे आहेत. तालुक्यागणिक आणि वर्षागणिक ते बदलतात. म्हणून दर आपल्या गावचे घालावेत, पण बाबी मात्र याच धराव्यात. यातली एक बाब सुटली तरी अंदाज फसतो. आणि एकूण अंदाजावर दहा टक्के रक्कम बाजूला ठेवावी, कारण जमिनीखाली काय निघेल ते खोदल्यावरच कळते.

संडास नवा बांधणाऱ्या पात्र कुटुंबांना स्वच्छ भारत मिशनमधून १२,००० रुपयांचे प्रोत्साहन अनुदान ठेवलेले आहे. ते नव्या संडासासाठी; जुनी लाईन बदलण्याचा खर्च आपल्याच खिशातून होणार, असे धरून चालावे.

उतार म्हणजे सर्व काही

चार इंची लाईनीला ४० ते ६० फुटांत एक फूट उतार लागतो. म्हणजे साठ फुटांच्या लाईनीत दोन टोकांत एक ते दीड फुटाचा फरक. सहा इंचीला ६० ते १०० फुटांत एक फूट पुरतो. याहून कमी उतार दिला तर मैला वाटेत बसतो. फार तीव्र दिला तर पाणी पुढे पळते आणि जड मैला मागे राहतो, तेही बरे नाही. "मोठा पाईप घातला की तुंबत नाही" ही समजूतही खरी नव्हे. घरच्या थोड्या पाण्याला मोठ्या पाईपमध्ये वेग येत नाही. एका कुटुंबाला चार इंची पुष्कळ झाला.

पहिल्यांदा मोजावी ती टाकीच्या तोंडाची पातळी, कारण ती हलवता येत नाही. तेथून मागे घराकडे हिशेब करीत यावे. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोके धरली की पातळी मिळते; यंत्राची गरज नाही. आमच्या दुसऱ्या कामात घराकडे चर दोन फूट दोन इंच आणि टाकीकडे तीन फूट चार इंच खोल गेला. दर दहा फुटांना खुंटी मारून तिच्यावर खूण केली होती. त्या खुणांचे काम दीड तासाचे. चार वर्षांपूर्वी तो दीड तास दिला असता तर आमचे काय काय वाचले असते, त्याचा हिशेब शेवटी देतो.

चराच्या तळाला तीन-चार इंच वाळू किंवा बारीक मुरूम घालावा, त्यावर पाईप, आणि पाईपवरही सहा इंच तेच भरावे. काळ्या मातीची ढेकळे किंवा दगड पाईपवर टाकू नयेत. लाईनीच्या सुरुवातीला, प्रत्येक वळणावर आणि टाकीच्या अलीकडे एकेक चेंबर हवे. चेंबर म्हणजे फुकटचा खर्च नाही. उद्या तुंबले तर झाकण उघडून सळई घालता येते, कोबा फोडावा लागत नाही.

बोअर किंवा आड यांच्यापासून शोषखड्डा निदान साठ फूट दूर असावा. आमच्याकडे खाली फटीचा खडक आहे. त्यातून पाणी कुठवर जाईल याचा नेम नसतो, म्हणून जागा असेल तर आणखी दूर न्यावा. छपराचे पावसाचे पाणी टाकीत कधीही सोडू नये.

टाकीत माणूस उतरवू नये

आता एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगताना आम्हाला शरम वाटते, पण सांगितली पाहिजे.

त्या मे महिन्यात टाकी उपसायची होती. गाडीच्या दोन खेपांचे पाच हजार होत होते. काम करणारा एक जण म्हणाला, "गाडी कशाला? माझ्याकडं एक पोरगा हाय, हजार रुपयांत आत उतरून काढतो." आम्ही हिशेबात बुडालेले. चार हजार वाचतात म्हणून आम्ही मान हलवली. दुपारी तो वीस-बावीस वर्षांचा मुलगा आला, कमरेला दोर बांधला, टाकीच्या तोंडाशी वाकला आणि म्हणाला, "आता वास येत न्हाई. गॅस गेला वाटतं."

आमची आई ओसरीवर बसली होती. काविळीतून उठलेली, अंगात ताकद नाही. तिथूनच ती ओरडली, "अरं, त्याला माघारी घे! कुणाचं तरी पोरगंच हाय ते!"

आम्ही त्याला मागे घेतले. त्याचे हजार रुपये त्याला दिले आणि गाडी बोलावली.

नंतर वाचले तेव्हा अंगावर काटा आला. टाकीत जो विषारी वायू साठतो, त्याला थोडा असताना कुजक्या अंड्यासारखा वास येतो. तो जास्त झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. म्हणजे "वास येत नाही" हे गॅस गेल्याचे लक्षण नव्हे. कधी कधी तो सर्वांत जास्त असल्याचे ते लक्षण असते. एक माणूस आत कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा. एकाच टाकीत दोघे-तिघे गेल्याच्या बातम्या आपण वाचतो त्या अशाच घडतात. कमरेचा दोर वायूला अडवीत नाही. टाकीच्या तोंडाशी दिवा, काडी, विडी नेणेही धोक्याचे, कारण दुसरा एक वायू पेट घेतो.

हा केवळ माणुसकीचा प्रश्न नाही, कायद्याचाही आहे. २०१३ च्या केंद्रीय कायद्याने सुरक्षेची साधने व खबरदारी यांवाचून माणसाला गटारात किंवा टाकीत सफाईसाठी उतरविण्यास बंदी केली आहे. ही बंदी ठेकेदाराला आहे, तशीच घरमालकालाही आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गटारात व टाकीत मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला. म्हणून अंदाजपत्रकात गाडीचा खर्च पहिल्या ओळीत लिहावा. तो काटण्याची बाब नाही.

मिस्त्रीशी ठरवताना

"ठोक किती?" असे विचारू नये. आधी पुढील गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात :

- लाईन किती फूट, चर किती खोल व रुंद, उतार किती.
- पाईप कोणता. घराच्या मैल्याच्या पाईपवर आय.एस. १३५९२ व टाईप बी असे छापलेले असते; जमिनीखालच्या गटारीसाठी आय.एस. १५३२८ चाही पाईप मिळतो. शेतातला उरलेला पाईप वापरू नये.
- चेंबरे किती, कोणत्या मापाची, झाकण कसले.
- वाळू, कोबा, राडारोडा उचलणे आणि टाकी उपसणे दरात धरले आहे की वेगळे. पाईपच्या दरात जीएसटी धरला आहे काय.
- खडक लागला तर जादा दर काय.

किमान तिघांकडून याच कागदावर दर घ्यावेत. तरच दरांची तुलना होते. पैसे एकदम देऊ नयेत. माल आल्यावर काही, पाईप तपासून झाल्यावर काही, आणि शेवटचा दहावा हिस्सा पहिला मोठा पाऊस होऊन जमीन खचत नाही हे पाहिल्यावर द्यावा. चांगला मिस्त्री या अटीला नाही म्हणत नाही.

माती लोटण्यापूर्वी तीन तपासण्या कराव्यात. एक : एका चेंबरात विजेरी धरावी आणि दुसऱ्यात आरसा. सबंध गोल उजेड दिसला तर लाईन सरळ आहे. अर्धा दिसला तर मधे वाक आहे. दोन : पाईपपेक्षा थोडा लहान गुळगुळीत चेंडू वरच्या टोकातून सोडावा. तो आपोआप खालच्या चेंबरात आला पाहिजे. तीन : खालचे तोंड बंद करून लाईन पाण्याने भरावी, वरच्या चेंबरात पातळीची खूण करावी आणि थांबावे. खूण उतरली तर सांधा गळतो आहे. या तपासण्यांना खर्च शून्य. मात्र कोबा झाल्यावर त्या करून उपयोग नाही. म्हणून त्या दिवशी घरचा कर्ता माणूस जागेवर हवा.

आमचा ताळेबंद, आणि त्या सभासदांचा

२०१९ ची स्वस्त लाईन ११,४००, तीन सफाया ४,५००, दवाखाना २८,०००, आणि २०२३ ची लाईन ५२,१००. एकूण ९६,००० रुपये. टनाला ३,१०० रुपये धरले तर सतरा टन उसात होणारे काम आम्हाला एकतीस टनांना पडले. आणि आईची गेलेली ताकद, तसेच त्या मुलाच्या बाबतीत जे घडता घडता राहिले, ते कोणत्याही टनात मोजता येत नाही. बोअर क्लोरिनने शुद्ध करून घेतला, पाणी दोनदा पुन्हा तपासले, आणि दाखला चांगला येईपर्यंत घरात उकळलेलेच पाणी प्यालो.

मेळाव्यातल्या त्या सभासदांच्या घरी आम्ही नंतर टेप आणि पाण्याची नळी घेऊन गेलो. लाईन निघाली ४५ फूट, त्यातली फक्त दहा फूट कोब्याखालून, दोन चेंबरे नवी लागणारी. वरील बाबी लिहून आमच्या २०२३ च्या दराने मांडले तेव्हा २८,६०० रुपये झाले. आताची वाढ धरून एकतीस-बत्तीस हजार. मग दोन्ही मिस्त्रींना बोलावून तोच कागद दाखविला. पंधरा हजारवाल्याने चेंबर आणि वाळू धरलीच नव्हती. साठ हजारवाल्याने सहा इंची पाईप आणि सगळ्या अंगणाची नवी फरशी धरली होती. दोघेही खोटे बोलत नव्हते; दोघे वेगवेगळ्या कामाचा दर सांगत होते. सभासद म्हणाले, "म्हंजे मी भाव विचारत होतो, काम सांगतच नव्हतो की!"

ज्यांची लाईन जुनी आहे त्या सभासदांनी तोडणी आटोपल्यावर, पावसाच्या आधी हे काम काढावे. चर खोदण्यापूर्वी लाईनीची लांबी, टाकीच्या तोंडाची पातळी आणि बोअरचे अंतर एवढ्या तीन गोष्टी मोजून कागद गट ऑफिसात आणावा. उसाचे काम सांभाळून आम्ही बाबी मांडून देऊ.

— ऊस विकास अधिकारी